म-दोन-घ-सात

कळमनुरीच्या कचेरीत मी टंकलेखिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी देविदास राठोड माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : “म-दोन-घ-सात.”

चष्म्याच्या वरून त्यांनी मला एकदा नीट पाहून घेतलं, पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ते लिहिलं, तुकडा खिशात घातला आणि परत आपल्या नकाशावर वाकले. मी तेवीस वर्षांची, नोकरी पहिलीच, आणि स्वभाव मुळातच घाबरट. मला वाटलं, ही सरकारी श्रेणी असणार. गोपनीय अहवालात असं काही लिहितात हे मी ऐकून होते. सात म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायची हिंमत होईना. दुपारभर मी टाइप केलेल्या प्रत्येक पत्रात चुका झाल्या. शेवटी हेडक्लार्क देशमुखबाबूंना विचारलं, तर ते पान लावता लावता म्हणाले, “घाबरू नका, तुम्हाला यान केलंय त्यांनी. इथं सगळेच यान आहेत.”

राठोड आमच्याकडे ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे, बांधांचे नकाशे काढायचे. हात इतका स्वच्छ की त्यांच्या अक्षराकडे पाहत बसावं. कळमनुरीपासून दोन कोसांवरच्या तांड्यावर ते आणि त्यांची म्हातारी आई राहत. लग्न केलं नव्हतं. रोज सायकलीनं यायचे, कारण इंजिन असलेल्या कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. माणूस भित्रा, पण चारचौघांसारखा लपूनछपून भिणारा नव्हे, राजरोस भिणारा. लातूरकडचा भूकंप होऊन वर्ष उलटलं होतं, तरी त्यांचं टेबल दाराच्या चौकटीत अर्धं आत, अर्धं बाहेर असं मांडलेलं असायचं. भिंती पडल्या तरी चौकट टिकते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यामुळे कचेरीत येणारा प्रत्येक जण, मोठे साहेबसुद्धा, पोट आत ओढून तिरका होऊन आत शिरत असे. साहेबांनी दोनदा टेबल हलवायला सांगितलं. राठोडांनी नम्रपणे विचारलं, “साहेब, धोका तुमी घेता का?” साहेबांनी तो विषय सोडून दिला.

‘धोका किती?’ आणि ‘बराबर मोजा’ ही त्यांची दोन वाक्यं. दिवसातून वीस वेळा तरी ऐकू यायची.

यानांचं प्रकरण असं होतं. औरंगाबादला ट्रेनिंगला असताना होस्टेलमधल्या एका मद्रासी मित्रानं त्यांना एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स दिली होती. तो एक खेळ होता. अंतराळाचा नकाशा मांडायचा, ताऱ्याताऱ्यांमधून आपली यानं न्यायची आणि वाटेत काय घडतं ते फासे टाकून ठरवायचं. पुस्तकात प्रत्येक यानाला एक कोड होता. काम काय, आकार केवढा, इंजिन किती ताकदीचं, तोफा किती, हे सगळं चार-सहा अक्षरांत. राठोडांनी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन दोन वर्षं वाचलं आणि त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी मराठीत स्वतःचा कोड बनवला.

पहिलं अक्षर कामाचं : मालवाहू असेल तर म, प्रवासी प, लढाऊ ल, टपालाचं ट. नंतरचा आकडा आकाराचा. मग पत्रा किती जाड ते : क म्हणजे बांधाच्या दगडासारखा, घ म्हणजे पापड. आणि शेवटचा आकडा धोक्याचा, एक ते नऊ. म्हणजे मी ठरले होते छोटी मालवाहू, पापडासारख्या पत्र्याची आणि सात धोक्याची. साहेब ल-आठ-घ-पाच होते. लढाऊ, अवाढव्य आणि पत्रा पातळ. त्यांना जवळून ओळखल्यावर मला या पद्धतीबद्दल आदरच वाटू लागला.

डबा खाऊन झाला की राठोड टेबलावर ट्रेसिंग पेपरचा नकाशा पसरायचे. त्यातल्या ताऱ्यांना त्यांनी ओळखीची नावं दिली होती. औंढा हा मोठा सूर्य. जवळा बाजार हा व्यापाराचा ग्रह, तिथं माल घ्यायचा. हट्ट्याच्या आसपास काळोखाचा पट्टा होता, तिकडे जाताना फासे दोनदा टाकावे लागत. आधी गंमत म्हणून मी बघायला लागले, मग खेळायला. पण खेळात एक जाच होता. यान सोडायचं तर त्याच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर कोडच्या पुढे आत माणसं किती ते लिहायचं आणि कार्डाच्या मागं प्रत्येकाचं नाव. नुसता आकडा चालत नसे.

मी म्हटलं, काल्पनिक यानात काल्पनिक माणसं, त्यांना नावं कशाला?

“त्या पुस्तकात सगळं हाये,” राठोड म्हणाले. “इंजिन हाये, तोफा हायेत. माणसं कोन, तेवढं न्हाई. मंग यान फुटलं तर काय फुटलं म्हनायचं?”

माझ्या यानात चौदा जण होते; चौदा नावं कुठून आणायची म्हणून मी कचेरीतली लिहिली. साहेब, देशमुखबाबू, आमचे शिपाई रहीमचाचा, जीपचा ड्रायव्हर, असे. त्या दिवशी हट्ट्याजवळ माझ्या दोन्ही फाशांवर एक-एकच पडला आणि यान गेलं. राठोडांनी कार्डावर तांबड्या शाईनं रेघ मारली. माझा दुपारचा चहा तसाच राहिला, इतकं ते मला लागलं, आणि याचं मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुखबाबूंचा पाय पायरीवरून मुरगळला.

झालं. कचेरीत बातमी पसरायला चहाची एक फेरी पुरली. दुपारी रहीमचाचा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “ताई, हमारा नाम उस कागज से निकाल देव. छोटे छोटे बच्चे हैं.” चाचांचा धाकटा मुलगा लष्करात होता. देशमुखबाबू लंगडत येऊन म्हणाले की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण खोडलेलं बरं. आणि संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दोन पत्रं उगीचच परत टाइप करायला सांगितली आणि मग खिडकीबाहेर बघत विचारलं की ते कोणत्या यानात आहेत आणि त्याचा पत्रा कुठला. शक्य असेल तर क बघा, म्हणाले.

राठोड हसले नाहीत. शाईची चूक खरवडायचं ब्लेड काढून त्यांनी एकेक नाव कार्डावरून अलगद काढलं. काढता काढता मला म्हणाले, “नाव लिवलं की भ्या वाटतं ना ताई? वाटलंच पायजे.”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण राठोडांचा हा कारभार खेळापुरता नव्हता. कचेरी सुटली की ते सायकल घेऊन स्टँडवर जात. हिंगोलीला जाणाऱ्या काळीपिवळी जिपा तिथं भरत असत. दहा जणांची जीप, सोळा-सतरा भरल्याशिवाय हलत नसे. राठोड खिशातली वही काढून जीपभोवती फिरायचे आणि प्रत्येकाला नाव-गाव विचारून लिहून घ्यायचे. टायर पाहायचे, ड्रायव्हरचे डोळे पाहायचे आणि वर जीपचा कोड टाकायचे. लोक चिडायचे. कोणी विचारायचं, तुम्ही पोलिसातले का? कोणाला वाटायचं, मतदारयादीचं काम असेल, आणि तो घरातल्या सगळ्यांची नावं सांगत बसायचा. ड्रायव्हर त्यांना हजेरीमास्तर म्हणायचे आणि तोंडावर हसायचे. मी हिंगोलीहून रोज जा-ये करणारी, त्यामुळे ‘मुळेताई, हिंगोली’ हे नाव रोजच त्या वहीत. ओळखीचा माणूस म्हणून माझी मान खाली जायची. मी त्यांना सरळ सांगितलंही होतं की हे बंद करा, लोक तुम्हाला वेडं समजतात. ते ‘व्हय’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

गणपती उठून आठ-दहा दिवस झाले असतील. त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं, दुपारी जोरात कोसळून गेलेलं. मी जिपेत मागच्या फळीवर अगदी कडेला बसले होते. माझ्या पलीकडे दांड्याला धरून दोघं लोंबकळत होते. राठोडांनी नावं घेतली, वाकून मागचं चाक पाहिलं आणि माझ्यापाशी आले.

“ताई, ही सोडा. धोका आठ हाये. पुढची बघू.”

सगळी जीप माझ्याकडे बघायला लागली. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. घरी आई वाट बघत होती, पुढची जीप कधी भरेल याचा भरवसा नव्हता. मी चिडून म्हटलं, “राठोडसाहेब, मला घरी जायचंय. हा तुमचा खेळ नाही.”

त्यांनी वही मिटली आणि दोन पावलं मागं सरकले. जीप हलली. ते तिथंच उभे होते, सायकलीला धरून. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. उतरावं असं वाटलं. पण हसणाऱ्या बाईसमोर उतरायची लाज वाटली. माणूस लाजेपायी काय काय करतो.

कळमनुरीपासून तीन-चार मैलांवर एक लहान पूल आहे. समोरून ट्रक आला, आमच्या ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली आणि भिजलेली कड खचली. मला एवढंच आठवतं की आभाळ पायाखाली आलं. मी मागून फेकली गेले ती जिपेपासून बरीच लांब, नाल्याच्या काठच्या बेशरमीच्या दाट झुडपात. श्वास गेला. तोंडात चिखल. उजवा हात आपला नाही असा झालेला. ओरडायचं ठरवलं तर घशातून हवासुद्धा निघेना.

कान मात्र शाबूत होते. रडणं ऐकू येत होतं, नंतर धावत येणारी माणसं, शेतातून आलेले लोक, एक टेम्पो थांबलेला. कोणीतरी विचारत होतं, किती होते, किती होते. ड्रायव्हरचा आवाज आला, पंधरा. मग मोजणं सुरू झालं. हा एक, ही दोन. पंधरा भरले. कोणी म्हणालं, देवानं वाचवलं, सगळे निघाले. टेम्पोचा फाळका लागल्याचा आवाज झाला. टेम्पो गेला.

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना भ्याले आहे, पण ते भिणं वेगळं होतं. वर माणसं होती, चाळीस-पन्नास पावलांवर. ती विड्या पेटवत होती, ट्रकवाल्याला शिव्या देत होती आणि एकेक करून आपापल्या वाटेनं निघत होती. मी मोजणीत नव्हते. उजेड उतरत चालला होता. झुडपात माझ्या पायाशी काहीतरी सळसळलं आणि मी डोळे मिटून घेतले. आईला वाटेल मी कळमनुरीलाच मैत्रिणीकडे राहिले. उद्या दुपारपर्यंत कोणी विचारणारसुद्धा नाही, हा हिशेब मी त्या अवस्थेत दोनदा केला.

मग एक जीप थांबली आणि राठोडांचा आवाज आला. कुठल्याशा मोटारसायकलवाल्यानं स्टँडवर बातमी नेली होती आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काळीपिवळीत चढला होता. ते काही विचारत नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून, शाळेत हजेरी घेतात तशी मोठ्यानं वही वाचत होते. एकेक नाव, त्यापुढं गाव. जमलेल्यांपैकी कोणी सांगायचं, दवाखान्यात नेली. कोणी म्हणायचं, हा काय इथं बसलाय. राठोड पुढचं नाव घ्यायचे.

“मुळेताई, हिंगोली.”

त्यांनी पुढचं नाव घेतलं नाही.

“मुळेताई, हिंगोली.”

एक जण म्हणाला, “मास्तर, समदे गेले. ड्रायव्हरच बोलला ना पंधरा होते.”

“सोळा हायेत,” राठोड म्हणाले. “माज्यापाशी नाव हाये.”

मग ते चिखलातून घसरत खाली आले. हाक मारत होते, थांबून ऐकत होते, परत हाक. मी डाव्या हातानं जवळची फांदी धरली आणि जितकी हलवता येईल तितकी हलवली. पानं बाजूला झाली. राठोडांनी मला पाहिलं, वरच्या लोकांना हात करून बोलावलं आणि तिथंच चिखलात मटकन बसले. लोकांनी मला उचलून वर नेलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ते वही धरून अजून तिथंच बसलेले होते. दोघांनी धरून त्यांना चढावरून वर आणावं लागलं.

माझ्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्या दुखावल्या होत्या. महिनाभर मी हिंगोलीत घरीच होते. पहिल्याच रविवारी राठोड आले. केळी घेऊन आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि एकदम त्यांच्या पाया पडायला गेली, तेव्हा ते इतके गडबडले की कप सांडला. आई फडकं आणायला आत गेली. मी त्यांना म्हटलं की त्या दिवशी स्टँडवर मी वाईट बोलले. त्यांनी मान हलवली.  मग त्यांनी आपण होऊन सांगितलं.

ते दुसरीत असताना तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघाली होती. एका ट्रकमध्ये माणसं, भांडीकुंडी, गोधड्यांची गाठोडी, शेळ्या, सगळं एकत्र. घाटात ट्रक उलटला. राठोडांना आणि त्यांच्या आई-वडिलांना बेशुद्धच दवाखान्यात नेलं. मुकादमानं माणसं मोजली, त्याच्या अंदाजाला ती बरोबर भरली. मुलं कोण मोजतो. रात्री आई शुद्धीवर आली आणि म्हणायला लागली, माझी दोन लेकरं. डोक्याला मार लागलाय, बडबडून राहिली, असं सगळे म्हणाले. धाकटा भाऊ गुलाब दुसऱ्या दिवशी दुपारी सामानाखाली सापडला.

“लगेच गेला नव्हता तो,” राठोड म्हणाले. “डॉक्टर बोलला तसं.”

त्यांनी कप बशीतून उचलून बाजूला ठेवला.

“मायला लिवता येत नव्हतं. बापाला न्हाई, मुकादमाला बी अंगठाच. त्या ट्रकात लिवता येणारा मी एकटा होतो ताई. पाटी-पेन्सिल होती माज्यापाशी.”

एवढं बोलून त्यांनी बशीतला सांडलेला चहा पिऊन टाकला आणि अंधार पडायच्या आत सायकलीनं पोचायचं म्हणून उठले.

मी पुन्हा कामावर गेले तेव्हा स्टँडवर थोडा फरक पडलेला होता. ड्रायव्हर अजून त्यांना हजेरीमास्तरच म्हणत, पण आता राठोड येईपर्यंत गाडी थांबवत. एक-दोघांनी स्वतःच वह्या ठेवल्याचं ऐकलं. चालल्या किती दिवस कोण जाणे. आमचा खेळही पुन्हा सुरू झाला. मी नावं लिहायला कधी कंटाळले नाही. माझी भीती मात्र गेली नाही. गाडी वळणावर आली की आजही माझा हात दांड्यावर जातो. राठोडांनी माझा सात काही कमी केला नाही. तो तसाच राहिला.

हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाली, नवीन कचेऱ्या उघडल्या आणि माझी बदली घराजवळ झाली. लग्न झालं, मुलगी झाली. राठोड काही वर्षांनी निवृत्त झाले. पुढे एका दिवाळीनंतर मी, माझे मिस्टर आणि मुलगी असे तिघं त्यांना भेटायला तांड्यावर गेलो. दुपार कलली होती. अंगणात बाजेवर त्यांची आई बसली होती. नजर पूर्ण गेलेली, ऐकायलाही फारसं येत नसे. राठोडांनी तिच्या हातावर तीन बोटं टेकवून सांगितलं, पाहुणे तिघं आलेत. म्हातारीनं आम्हा तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला, मोजून खात्री करून घेतली आणि हसली. मग तिनं राठोडांचा हात धरला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. राठोडांनी तिच्या तळहातावर दोन बोटं टेकवली. म्हातारी समाधानानं मागं रेलली.

चहा पिताना मी विचारलं, माय काय विचारत होत्या?

“रोज विचारते,” राठोड म्हणाले. “मी कुठून बी घरी आलो का इचारते, दोघं भाऊ आले का म्हनून.”

आकडा खोटा सांगताना मी त्या माणसाला त्याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. मी बशी खाली ठेवली. त्यांनी माझ्या मुलीकडे वळून तिला विचारलं की तिचं पूर्ण नाव काय, आणि खिशातून पेन काढलं.